नेत्रकोटर-रोपणाचा विलंबित संसर्ग

डोळ्याच्या खोबणीचे (नेत्रकोटराचे) मोडलेले हाड सांधताना बसवलेल्या कृत्रिम पत्र्याला उशिरा होणारा जंतुसंसर्ग. ‘उशिरा’ म्हणजे किती, याची सर्वमान्य मर्यादा नाही. काही महिन्यांपासून दोन-तीन दशकांनंतरपर्यंतच्या नोंदी आढळतात. एकंदरीत ही गुंतागुंत विरळ आहे.

नेत्रकोटराचा तळ कागदासारखा पातळ असून त्याखाली वरच्या जबड्याच्या हाडातील पोकळी (मॅक्सिलरी सायनस) असते. बुक्की किंवा चेंडू लागून हा तळ खाली फुटतो. अशा अस्थिभंगाला ‘ब्लोआउट’ ही संज्ञा स्मिथ आणि रीगन या नेत्रतज्ज्ञांच्या १९५७ मधील लेखाने रूढ केली. साधारणतः १९६० नंतर तळाच्या भगदाडावर सिलिकोन, टेफ्लॉन इत्यादींचे पत्रे बसवू लागले. पुढे सच्छिद्र पॉलिएथिलीन आणि टायटॅनियमची जाळी आली.

संसर्गाचा उगम वादग्रस्त आहे. एका मतानुसार शस्त्रक्रियेच्या वेळीच चिकटलेले जंतू जैवपटल (बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर) तयार करून वर्षानुवर्षे सुप्त राहतात. दुसऱ्या मतानुसार सायनसमधील जंतू नंतर वर चढतात. रक्तावाटे जंतू येण्याची शक्यताही मांडली जाते. दशकांनंतरच्या प्रकरणांना सायनसचा मार्ग अधिक जुळतो. गुळगुळीत सिलिकोनमध्ये ऊतक शिरत नाही, त्याभोवती तंतुमय पिशवी बनते. ही पिशवी सायनसशी जोडली गेली, तर तिच्या आत श्वसनमार्गासारखे अस्तर वाढते, स्राव साचतो आणि पुढे पू होतो. सच्छिद्र पॉलिएथिलीनमध्ये रक्तवाहिन्या शिरत असल्याने तिथे हा प्रकार कमी व्हावा अशी अपेक्षा असते. पण संसर्ग झालाच तर तो पत्रा सोडवणे जिकिरीचे ठरते. टायटॅनियमच्या जाळीलाही ऊतक चिकटून बसते.

खालच्या पापणीची सूज, वेदना, डोळा वर ढकलला जाणे, दुहेरी दिसणे, पापणीखाली वाहणारे नाडीव्रण (पू बाहेर येणारी अरुंद वाट) ही लक्षणे होत. रुग्ण जुनी शस्त्रक्रिया सांगायला विसरतो आणि अश्रुपिशवीचा दाह किंवा साधा सायनसचा विकार समजून उपचार चालतात. प्रतिजैविकांनी सूज उतरते, औषध थांबताच परतते. ही पुनरावृत्ती निदानाला दिशा देते. सीटी स्कॅनमध्ये पत्र्याभोवतीचा द्रव व सायनसची अवस्था दिसते. मात्र पातळ सिलिकोन ओळखण्यासाठी जुन्या शस्त्रक्रियेची माहिती हाताशी असलेली बरी.

पत्रा काढून टाकणे हाच मुख्य उपचार. सायनस दूषित असल्यास त्याचा निचराही करतात. बऱ्याच वर्षांनंतर काढताना भोवतालची तंतुमय भित्तीच डोळ्याला आधार देते, त्यामुळे नवा पत्रा बहुधा लागत नाही. डोळा खोल गेलाच, तर संसर्ग पूर्ण शमल्यावर पुन्हा रोपण करतात. तेव्हा काही शल्यविशारद रुग्णाचेच हाड वापरणे पसंत करतात.