विभाजक किती आणि मूळ अवयव किती?

६४ आणि ६० या जवळजवळच्या दोन संख्या घेऊ. ६४ चे मूळ अवयव पाडले तर २ सहा वेळा येतो, म्हणजे एकूण सहा अवयव मिळतात. ६० चे २ × २ × ३ × ५ असे चारच मिळतात. आता या संख्यांना निःशेष भागणाऱ्या संख्या मोजू लागलो, तर ६४ च्या बाबतीत त्या ७ भरतात आणि ६० च्या बाबतीत १२. मूळ अवयव अधिक असणाऱ्या संख्येचे विभाजक कमी आणि कमी असणाऱ्या संख्येचे विभाजक अधिक, असे येथे झाले आहे. शिष्यवृत्तीपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत ‘अमुक संख्येचे अवयव किती’ अशा मोघम शब्दांत प्रश्न विचारला जातो आणि उत्तर देणारा या दोन मोजण्यांपैकी जी आधी आठवेल ती करून मोकळा होतो. दोन्ही मोजण्यांची सुरुवात एकाच कृतीने, म्हणजे संख्येचे मूळ अवयव पाडण्याने होत असल्यामुळे ही गल्लत लवकर ध्यानातही येत नाही.

प्रथम काय मोजायचे ते निश्चित करू. विभाजक म्हणजे दिलेल्या संख्येला निःशेष भागणारी कोणतीही धन पूर्ण संख्या. यात १ येतो आणि ती संख्या स्वतःही येते. मूळ अवयव म्हणजे अशा विभाजकांपैकी जे मूळ संख्या आहेत तेवढेच. मूळ अवयवांची मोजणी पुन्हा दोन रीतींनी होते: तोच अवयव जितक्या वेळा येईल तितक्या वेळा, म्हणजे आवर्तनासह, मोजायचा, किंवा वेगवेगळे अवयव एकेकदाच मोजायचे. पहिल्या रीतीने ३६० चे, म्हणजे २ × २ × २ × ३ × ३ × ५ चे, मूळ अवयव ६ आहेत. दुसऱ्या रीतीने ते २, ३ आणि ५ असे ३ आहेत. आणि ३६० चे विभाजक मात्र २४ आहेत. एकाच संख्येबद्दलची ही तीन उत्तरे तिन्ही बरोबर असल्याने कोणती मोजणी अपेक्षित आहे हे प्रश्नातच स्पष्ट असावे, अशी अपेक्षा धरणे वावगे नाही.

मूळ अवयव मोजताना समोर दिसणारी यादी मोजली की काम संपते, पण विभाजक मोजताना त्या यादीतून किती प्रकारची निवड करता येते ते मोजावे लागते. ७२ = २ × २ × २ × ३ × ३ हे उदाहरण पाहू. ७२ च्या कोणत्याही विभाजकात २ आणि ३ यांखेरीज अन्य मूळ संख्या येऊ शकत नाही. २ हा एकदाही येणार नाही किंवा एक, दोन वा तीन वेळा येईल, म्हणजे त्याच्यासाठी चार पर्याय आहेत. ३ हा एकदाही येणार नाही किंवा एक वा दोन वेळा येईल, म्हणजे तीन पर्याय. एका आडव्या ओळीत १, २, ४, ८ आणि एका उभ्या रकान्यात १, ३, ९ लिहून मधली प्रत्येक चौकट गुणाकाराने भरली, तर १२ चौकटींत ७२ चे सर्व विभाजक एकेकदाच येतात: पहिल्या ओळीत १, २, ४, ८, दुसरीत ३, ६, १२, २४, तिसरीत ९, १८, ३६, ७२. म्हणून प्रत्येक घातांकात, म्हणजे मूळ अवयव जितक्या वेळा येतो त्या आकड्यात, १ मिळवून येणाऱ्या संख्यांचा गुणाकार करायचा, हा नियम येतो. मिळवलेला १ हा ‘एकदाही न घेणे’ या पर्यायाचा आहे. तो विसरला तर ७२ साठी ३ × २ = ६ असे उत्तर येते, आणि तो चौकटीची पहिली ओळ व पहिला रकाना खोडून टाकल्याचा परिणाम असतो; उरलेल्या सहा चौकटींत २ आणि ३ हे दोन्ही ज्यांत आहेत असेच विभाजक राहतात. घातांकांची नुसती बेरीज केली तर ३ + २ = ५ मिळतात, आणि ते आवर्तनासह मोजलेल्या मूळ अवयवांचे अचूक उत्तर आहे, फक्त प्रश्न दुसरा होता.

या नियमाची एक अट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. घातांक ज्या पायांचे आहेत ते पाये मूळ संख्या असले पाहिजेत आणि एकमेकांपासून वेगळे असले पाहिजेत. ९६ = ४ × ४ × ६ असे लिहून कोणी ४ चा घातांक २ आणि ६ चा घातांक १ धरला, तर ३ × २ = ६ असे उत्तर येईल; प्रत्यक्षात ९६ मध्ये २ पाच वेळा आणि ३ एकदा येत असल्याने विभाजक ६ × २ = १२ आहेत.

दोन्ही मोजण्यांतील खरा भेद गुणाकार करताना दिसतो. दोन संख्यांचा गुणाकार केला की आवर्तनासह मोजलेल्या मूळ अवयवांची बेरीज होते, आणि ती कोणत्याही अटीशिवाय होते: ४ चे दोन, ६ चे दोन, २४ चे चार. विभाजकांच्या संख्यांचा मात्र गुणाकार होतो, आणि तोही त्या दोन संख्या सहमूळ असतील, म्हणजे त्यांच्यात १ खेरीज सामाईक विभाजक नसेल, तरच. ८ चे विभाजक ४, ९ चे ३ आणि ७२ चे १२, हे जुळते. पण ४ चे ३, ६ चे ४ आणि २४ चे १२ नसून ८ आहेत, कारण ४ आणि ६ यांच्यात २ हा सामाईक आहे. वेगवेगळे मूळ अवयव मोजले तर बेरीज होते, पण तिलाही सहमूळतेची अट लागते: ४ मध्ये एक, ६ मध्ये दोन, २४ मध्ये तीन नव्हे तर दोनच.

जुन्या नाण्यांच्या हिशेबात या भेदाचा व्यवहारातला अर्थ दिसतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती येण्यापूर्वी एका रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. ६४ पैशांचे दोन, चार, आठ असे निम्मे-निम्मे वाटे कितीही सहज होत असले, तरी तीन समान वाटे होत नव्हते. १९२ पैंचे होत, आणि प्रत्येक वाटा पाच आणे चार पै इतका येई. ६४ ला ३ ने गुणल्यामुळे मूळ अवयव सहावरून सात झाले, म्हणजे एकच वाढला. विभाजक मात्र ७ वरून १४ झाले, कारण जुन्या प्रत्येक विभाजकाला ३ ने गुणून एक नवा विभाजक मिळाला. त्याऐवजी ६४ ला आणखी एकदा २ ने गुणून १२८ केले असते, तर अवयव एकानेच वाढले असते आणि विभाजकही ७ वरून ८ इतकेच झाले असते. दशमान रुपयातील १०० पैशांचे विभाजक ९ आहेत आणि त्यांत ३ नाही, म्हणून तिघांत रुपया वाटताना एक पैसा उरतोच. हिशेबाच्या सोयीसाठी दशमान पद्धती निःसंशय बरी, पण वाटणीच्या सोयीत पैचा हात कोणी धरला नसता.

या निरीक्षणाला नेमके रूप देता येते. संख्येत एकही मूळ अवयव पुन्हा आलेला नसेल, तर प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा असे दोनच पर्याय असतात; म्हणून ३० च्या तीन अवयवांपासून २ × २ × २ = ८ विभाजक होतात आणि २१० च्या चार अवयवांपासून १६. अवयव पुन्हा येत असतील तर विभाजक या दोन टोकांच्या मध्ये राहतात: वेगवेगळे अवयव जितके तितक्या वेळा २ चा गुणाकार केल्यास जे येईल त्याहून ते कमी नसतात, आणि आवर्तनासह अवयव जितके तितक्या वेळा २ चा गुणाकार केल्यास जे येईल त्याहून अधिक नसतात. ३६० साठी ही टोके ८ आणि ६४ आहेत; २४ त्यांच्या मध्ये बसतो.

काही सीमावर्ती प्रकरणेही पाहू. १ ला मूळ अवयव एकही नाही, पण विभाजक एक आहे, तो स्वतःच. कोणत्याही मूळ संख्येला मूळ अवयव एक आणि विभाजक दोन. सम-विषमतेचा प्रश्न अधिक रंजक आहे. एखाद्या संख्येचे विभाजक ज्यांचा गुणाकार ती संख्या होतो अशा जोड्यांत मांडता येतात. ३६ साठी १ व ३६, २ व १८, ३ व १२, ४ व ९ अशा जोड्या लागतात आणि ६ एकटा उरतो, कारण त्याचा जोडीदार तोच आहे. म्हणून विभाजकांची संख्या विषम असणे आणि ती संख्या पूर्ण वर्ग असणे या एकच गोष्टी आहेत. मूळ अवयवांच्या मोजणीला इतके सांगता येत नाही: पूर्ण वर्गाचे अवयव, आवर्तनासह मोजले तर, नेहमी सम असतात हे खरे, पण ६ चेही दोन आहेत आणि ६ हा वर्ग नाही.

उलट दिशेने प्रश्न विचारला की दोन्ही वाटा आणखी दूर जातात. नेमके बारा मूळ अवयव असणारी सर्वांत लहान संख्या शोधायची तर विचार करावा लागत नाही. २ बारा वेळा घ्यावा, ४०९६ मिळतात. नेमके बारा विभाजक असणारी सर्वांत लहान संख्या शोधताना मात्र १२ चे गुणाकाररूप निरनिराळ्या प्रकारे पाडून पाहावे लागते: एकटा १२ घेतला तर २ चा ११ वा घात म्हणजे २०४८, ६ × २ घेतले तर ९६, ४ × ३ घेतले तर ७२, ३ × २ × २ घेतले तर ६०. सर्वांत लहान ६० आहे. दिवसाच्या ६० घटका आणि घटकेची ६० पळे करणाऱ्या कालगणनेला वाटणीची ही सोय आयती मिळाली होती. वरच्या चार संख्यांचे विभाजक सारखेच १२ असले तरी त्यांचे मूळ अवयव अनुक्रमे ११, ६, ५ आणि ४ आहेत, यावरून केवळ विभाजकांच्या संख्येवरून मूळ अवयवांची संख्या सांगता येत नाही हे स्पष्ट होते.

प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथात आदर्श नगरासाठी ५०४० कुटुंबे सुचवली, त्याचे कारण हेच होते: या संख्येला १ पासून १० पर्यंतच्या सर्व संख्यांनी भाग जातो आणि तिचे ५९ विभाजक आहेत, असे तो सांगतो. आपल्या नियमाने ५०४० मध्ये २ चार वेळा, ३ दोनदा, ५ आणि ७ एकेकदा असल्याने ५ × ३ × २ × २ = ६० येतात; प्लेटोने ती संख्या स्वतः धरलेली नाही, एवढाच फरक. ४०९६ चे मूळ अवयव १२ असूनही विभाजक १३ आणि ५०४० चे अवयव ८ असूनही विभाजक ६०, ही तुलना पुरेशी बोलकी आहे. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा अधिक विभाजक असणाऱ्या अशा संख्यांचा सखोल अभ्यास श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ च्या निबंधात केला. अशा संख्येत २ चा घातांक सर्वांत मोठा किंवा बरोबरीचा असतो, पुढील मूळ संख्यांचे घातांक वाढत जात नाहीत आणि ४ व ३६ हे अपवाद सोडता शेवटच्या मूळ संख्येचा घातांक १ च असतो, असे त्यांनी सिद्ध केले. त्यांच्या कोष्टकातील शेवटची संख्या ६७४६३२८३८८८०० आहे व तिचे विभाजक १००८० आहेत. त्या कोष्टकातून २९३३१८६२५६०० ही एक संख्या निसटली, आणि गंमत अशी की कोष्टकाची शेवटची संख्या हीच निसटलेली संख्या गुणिले २३ आहे.

एका संख्येऐवजी १ ते १०० या सर्वांची मोजणी एकत्र केली तरी दोन्ही रीती शेजारी ठेवता येतात. प्रत्येक संख्येचे विभाजक वेगळे शोधण्याऐवजी कोणता विभाजक किती संख्यांना लागू पडतो ते मोजावे: १ हा १०० संख्यांना, २ हा ५० ना, ३ हा ३३ ना, ४ हा २५ ना, याप्रमाणे १०० पर्यंत गेल्यास बेरीज ४८२ येते, म्हणजे सरासरी ४.८२. हीच बेरीज करताना फक्त २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांच्या ओळी ठेवल्या तर वेगवेगळ्या मूळ अवयवांची एकूण संख्या १७१ मिळते. त्यांत ४, ८, ९, २५ अशा मूळ संख्यांच्या घातांच्या ओळी मिळवल्या तर आवर्तनासह २३९ येते. मोठ्या संख्यांकडे जाताना विभाजकांची सरासरी नैसर्गिक लॉगरिथमच्या (म्हणजे २.७१८… चा कितवा घात घेतला की ती संख्या येते त्या आकड्याच्या) गतीने वाढते, हे जर्मन गणिती डिरिश्ले यांनी १८४९ मध्ये दाखवले. मूळ अवयवांची वाढ त्या लॉगरिथमच्याही लॉगरिथमइतकी मंद असते. १९१७ मध्ये इंग्रज गणिती हार्डी आणि रामानुजन यांनी याच्या पुढची गोष्ट सिद्ध केली: मूळ अवयवांची संख्या केवळ सरासरीनेच नव्हे, तर बहुतेक सर्व संख्यांत या मूल्याच्या आसपास असते.

विभाजकांबद्दल तसे म्हणता येत नाही. एकावर शंभर शून्ये असलेल्या संख्येच्या आसपास विभाजकांची सरासरी सुमारे २३० आहे, तर तेथील सर्वसाधारण संख्येचे मूळ अवयव पाच-सहा असल्याने तिचे विभाजक ढोबळ मानाने ३२ ते ६४ च असतात. याचे कारण बेरीज आणि गुणाकार यांच्या भेदातच आहे. तीन आणि सात वेगवेगळे मूळ अवयव असलेल्या, आवर्तन नसलेल्या दोन संख्या घेतल्या तर अवयवांची सरासरी पाच येते. त्यांचे विभाजक मात्र ८ आणि १२८ असल्याने विभाजकांची सरासरी ६८ येते, आणि नेमके पाच अवयव असलेल्या तशाच संख्येचे विभाजक ३२ असतात. अवयवांत सरासरीपासून दोन पावले पुढे गेलेली संख्या विभाजकांच्या हिशेबात चौपट वजन टाकते, दोन पावले मागे राहिलेली संख्या ते वजन भरून काढू शकत नाही, आणि म्हणूनच २३० ही सरासरी तेथील बहुसंख्य संख्यांच्या वाट्याला येत नाही.