पांढरा थर आणि पाण्याची पारख

साबण कितीही चोळला तरी फेस येत नाही, बादलीच्या कडेला राखाडी साय धरते आणि पाणी तापवण्याच्या भांड्यात काही आठवड्यांतच खरखरीत पांढरा थर बसतो. अशा पाण्याला बोलीभाषेत ‘जड पाणी’ म्हणतात. पाठ्यपुस्तकांनी त्यासाठी ‘दुष्फेन’ हा शब्द घडवला. तो जिभेला अवघड असला तरी अधिक नेमका आहे, कारण काही अणुभट्ट्यांत वापरले जाणारे ड्यूटेरियमयुक्त (म्हणजे जड हायड्रोजनचे) ‘जड पाणी’ ही अगदी निराळी वस्तू आहे. येथे मात्र रूढ शब्दच वापरतो. लहान शहरातील नळाच्या पाण्याविषयीची तक्रार बहुधा या पांढऱ्या थरापासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच थांबते. वास्तविक ते पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, याचे उत्तर त्या थरावरून क्वचितच मिळते.

पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि प्रदूषण नसतानाही त्याचा सामू सुमारे ५.६ असतो. जमिनीत शिरल्यावर ही आम्लता वाढते, कारण मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे मातीच्या पोकळ्यांमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट अधिक कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. चुनखडीतील कॅल्शियम कार्बोनेट शुद्ध पाण्यात जेमतेम विरघळते; परंतु या सौम्य कार्बोनिक आम्लाची गाठ पडली की त्याचे बायकार्बोनेट होते आणि ते पाण्याबरोबर वाहू लागते. डोलोमाइटमधून याच रीतीने मॅग्नेशियम येते, जिप्सममधून कॅल्शियम सल्फेट येते आणि बेसॉल्टसारख्या अग्निजन्य खडकांतील खनिजे झिजूनही हे दोन्ही धातू सावकाश सुटत राहतात. पाणी खडकात जितका काळ मुरते, तितका त्याला जड करणाऱ्या या धातूंचा साठा सामान्यतः वाढतो. म्हणूनच खोल विंधनविहिरीचे पाणी बहुधा जड असते, तर धरणाचे त्या मानाने हलके असते.

साबणाचे काय होते, हे थोड्या आकडेमोडीने स्पष्ट होईल. जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, म्हणजे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये सांगण्याची पद्धत आहे. एका प्रचलित वर्गवारीनुसार ६० पर्यंतचे पाणी मृदू, १२० पर्यंतचे मध्यम, १८० पर्यंतचे जड आणि त्यापुढचे अतिजड मानले जाते. समजा, नळाला ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर जडपणाचे पाणी येते. साबण सोडियम स्टिअरेटचा आहे असे धरले, तर त्याचे दोन रेणू कॅल्शियमच्या एका आयनाशी बांधले जाऊन न विरघळणारी चिकट साय तयार होते. या प्रमाणाने २० लिटरच्या बादलीत सुमारे ३७ ग्रॅम साबण केवळ कॅल्शियमची भूक भागवण्यात खर्ची पडतो आणि त्यानंतरच टिकाऊ फेस धरू लागतो. जडपणा मोजण्याची जुनी रीतही याच गुणधर्मावर आधारलेली होती: टिकाऊ फेस येईपर्यंत साबणाचे द्रावण किती लागते, ते पाहायचे. स्कॉटिश रसायनतज्ज्ञ थॉमस क्लार्क यांचे नाव या पद्धतीशी जोडलेले आहे. त्यांनीच १८४१ मध्ये चुन्याची निवळी घालून पाणी मृदू करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. चुना घालून चुना काढण्याची ही युक्ती वरवर विक्षिप्त वाटते, परंतु तो चुना बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट करतो आणि गाळ तळाशी बसतो.

पाणी उकळल्यावर नेमके हेच घडते. उष्णतेने कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेले कॅल्शियम पुन्हा दगड होऊन भांड्याला चिकटते. वरच्या उदाहरणातील सगळा जडपणा बायकार्बोनेटचा असेल, तर रोज १० लिटर पाणी उकळणाऱ्या घरात वर्षाकाठी एक किलोपर्यंत असा दगड तयार होऊ शकतो. हा ‘तात्पुरता’ जडपणा होय. सल्फेट आणि क्लोराइड यांच्यामुळे येणारा जडपणा मात्र उकळून जात नाही, म्हणून त्याला ‘कायमचा’ म्हणतात.

मग असे पाणी प्यावे की नाही? जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या दृष्टीने कोणतीही कमाल मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. जड पाण्यामुळे मुतखडा होतो ही समजूत दूरवर पसरलेली असली तरी ती सिद्ध झालेली नाही. पुष्कळसे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात हे खरे, परंतु आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला अडवून ठेवते, त्यामुळे हा संबंध वाटतो तितका सरळ नाही. चव, साबण, इंधन आणि नळाच्या तोट्या यांचे नुकसान होते, ते मात्र खरेच आहे.

या प्रकरणातला खरा पेच पुढे आहे. फेस छान येतो म्हणून जे पाणी ‘गोडे’ समजले जाते, ते नेहमीच निर्धोक असते असे नाही. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फारच कमी विरघळते, त्यामुळे ज्या भूजलात कॅल्शियम भरपूर असते तिथे फ्लोराइडला आपोआप आळा बसतो. काही थरांमध्ये चिकणमातीची खनिजे कॅल्शियम धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात. पाणी मृदू होते, पण खडकात फ्लोराइड असेल तर तो आळाही सुटतो. फ्लोराइडचे प्रमाण १.५ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते दीर्घकाळ ओलांडले गेले, तर आधी दातांवर आणि प्रमाण बरेच वाढल्यास हाडांवर परिणाम होतो. हे पाणी दिसायला नितळ असते आणि त्याचा डागही पडत नाही.

जलवाहिन्यांच्या बाबतीतही असेच घडते. मृदू, कमी क्षारांचे आणि किंचित आम्लधर्मी पाणी धातू कुरतडते, तर जड पाणी नळाच्या आतून कार्बोनेटचे अस्तर चढवू शकते. पाणी थर चढवण्याच्या बाजूला झुकलेले आहे की तो विरघळवण्याच्या, याचा अंदाज बांधणारा निर्देशांक विल्फ्रेड लँजेलियर यांनी १९३६ मध्ये मांडला. त्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही, कारण गंजण्याला इतर कारणेही असतात. अमेरिकेतील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी घेतले, पण वाहिन्यांचा गंज रोखणारे रसायन त्यात घातले नाही. नव्या पाण्याने जुन्या वाहिन्यांतील शिसे सोडवले आणि ते घरोघरी पोहोचले. शुद्धीकरण केंद्रातून निघणारे पाणी आणि तोटीतून पडणारे पाणी एकच असते, हे गृहीतक तिथे महागात पडले.

लहान शहरांना ही गोष्ट विशेष लागू पडते, कारण तिथे पाण्याचे स्रोत मोजके असतात आणि त्यांची सरमिसळ ऋतूप्रमाणे बदलते. जलाशयात पाणी असेपर्यंत ते पुरते. पातळी खालावली की विंधनविहिरी जोडल्या जातात आणि त्याच नळाच्या पाण्याचा जडपणा दुपटीने वाढू शकतो. पुरवठा ठरावीक तासच असेल, तर रिकाम्या वाहिनीतील दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून बाहेरचे दूषित पाणी आत ओढले जाते. त्यातल्या जंतूंना तोंड देण्यासाठी शेवटच्या तोटीपर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन, म्हणजे शुद्धीकरणात घातलेल्यापैकी शिल्लक राहिलेले क्लोरीन, टिकून राहावे लागते. माझ्या मते, लहान शहराच्या पाण्याविषयी एकच आकडा विचारायची मुभा मिळाली, तर तो हाच विचारावा.

लोक मात्र टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, आकडा विचारतात. खिशातील मीटर प्रत्यक्षात विद्युतवाहकता मोजतो आणि एका ठरावीक गुणकाने तिचे विरघळलेल्या क्षारांत रूपांतर करतो. त्याला कॅल्शियम आणि सोडियम यांतला भेद कळत नाही. आर्सेनिक किंवा शिसे घातक प्रमाणात असले तरी आकडा हलल्याचे जाणवणार नाही, आणि जिवाणू तर त्याच्या कक्षेतच नाहीत. पाणी मृदू करणारे यंत्र कॅल्शियम घेऊन सोडियम देते, म्हणजे जडपणा १०० ने उतरताना लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते. त्यामुळे साबणाला फेस येऊ लागतो, पण टीडीएस जवळपास तितकाच राहतो.

तपासणी करायचीच असेल, तर नमुना कसा घेतला यावर तिची किंमत ठरते. शिशासाठी रात्रभर नळात साचलेले सकाळचे पहिले पाणी घ्यावे, कारण धातू त्यातच उतरलेला असतो. जिवाणूंसाठी याच्या उलट करायचे: तोटी स्वच्छ करून पाणी काही काळ वाहू द्यायचे आणि निर्जंतुक बाटलीत भरायचे. त्या बाटलीत आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, नाहीतर उरलेले क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहते आणि अहवाल उगाच निर्दोष येतो. हा नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. उर्वरित क्लोरीन मात्र तोटीपाशीच, त्याच क्षणी मोजायचे असते. बाटलीत भरून नेलेल्या पाण्यातले क्लोरीन प्रवासातच उतरलेले असते.