आयसीयूतली झोप किती खोल?

व्हेंटिलेटरवरचा माणूस गाढ झोपलेला दिसला की दाराबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना हायसं वाटतं. निदान त्रास तरी होत नाहीये ना! पण ही झोप बहुतेक वेळा औषधांनी आणलेली असते. ती गरजेपेक्षा खोल गेली तर व्हेंटिलेटर सुटायला उशीर होतो, स्नायू गळतात. फार उथळ राहिली तर घाबरलेला पेशंट घशातली नळीच उपसून काढू शकतो.

म्हणून ती मोजतात. १९७४ मध्ये लंडनच्या मायकेल रॅम्से आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी सहा पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. आज सर्रास वापरात आहे ती अमेरिकेतल्या रिचमंड शहरात तयार झालेली, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजपट्टी. अधिक ४ म्हणजे मारायला धावणारा, उणे ५ म्हणजे हलवूनही न उठणारा, शून्य म्हणजे जागा आणि शांत.

मोजायला यंत्र लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. नर्स आधी नुसतं निरखते. पेशंट जागा नसेल तर नावाने हाक मारून म्हणते, "डोळे उघडा, माझ्याकडे बघा." दहा सेकंदांहून जास्त नजर टिकली तर उणे १, त्याआधीच पापण्या मिटल्या तर उणे २. हालचाल झाली पण नजर मिळाली नाही, तर उणे ३. हाकेला काहीच प्रतिसाद नसेल तर खांदा हलवायचा, छातीच्या हाडावर चोळायचं. त्याने हालला तर उणे ४. रात्रपाळीची नर्स "जरा गुंगीत आहेत" म्हणाली तर सकाळच्या डॉक्टरांना नेमकं कळत नाही. "उणे ३" म्हटलं की कळतं आणि औषध कमी करता येतं.

कमी केल्याने काय होतं? शिकागोत १२८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात काहींचं गुंगीचं औषध रोज थांबवून त्यांना जागं केलं गेलं. २००० मध्ये त्याचे निष्कर्ष आले: त्यांचा व्हेंटिलेटरवरचा काळ साधारण ४.९ दिवसांचा, इतरांचा ७.३. आता शक्य तिथे हलकीच गुंगी ठेवावी असा सल्ला दिला जातो. मेंदूतला दाब वाढलेला असेल किंवा आकडी थांबत नसेल तर मात्र खोल झोप लागतेच.

एका ठिकाणी ही मोजपट्टी निरुपयोगी ठरते. स्नायू लुळे करणारं औषध चालू असेल तर माणूस आतून जागा असूनही पापणी हलवू शकत नाही. तिथे उणे ५ या आकड्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

आकडा अधिककडे गेला तरी लगेच झोपेचं इंजेक्शन हा उपाय नव्हे. आधी दुखणं, ऑक्सिजनची कमतरता, तुंबलेली लघवी तपासायची. रोज दारू पिणाऱ्याची दारू अचानक सुटली तरी असाच थयथयाट होतो, आणि ही सवय घरचे बहुधा लपवतात. ती डॉक्टरांना जरूर सांगा. चष्मा, कानातलं यंत्र नर्सकडे द्या, आणि घरी कोणत्या नावाने हाक मारतात तेही सांगा.