किवींच्या मृत्यूचा पंचनामा

किवी रात्री हिंडतो, दिवसा बिळात किंवा पोकळ ओंडक्यात झोपतो आणि त्याला उडता येत नाही. असा पक्षी घनदाट जंगलात मेला तर कळणार कोणाला? न्यूझीलंडमध्ये कितीतरी वर्षं ते कोणालाच कळत नव्हतं. कळायचे ते माणसाच्या वाटेत आलेले मृत्यू: रस्त्यावर गाडीखाली आलेला पक्षी, सापळ्यात पाय अडकलेला पक्षी, कुत्र्याने तोंडात धरून घरी आणलेला पक्षी. बाकीचे आपोआप हिशेबाबाहेर राहिले. म्हणूनच किवी कमी होण्याचं कारण म्हणून बहुतेकदा एकच गोष्ट सांगितली जायची, ती म्हणजे गोऱ्या वसाहतवाल्यांनी शेती आणि मेंढ्यांच्या कुरणांसाठी केलेली जंगलतोड. ती खोटी नव्हतीच. पण जिथे जंगल जसंच्या तसं उभं होतं तिथेही रात्रीच्या हाका विरळ होत चालल्या होत्या, आणि त्याचा उलगडा जंगलतोडीने होत नव्हता.

मूळ गोष्ट जुनी आहे. वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. किवीचे पूर्वापार शत्रू आकाशातले. त्यांच्यापासून वाचायला रात्री बाहेर पडणं आणि धोक्याच्या वेळी निश्चल बसणं पुरेसं होतं. वासाने माग काढणाऱ्या जनावरापुढे हे दोन्ही उपाय कुचकामी. माओरी लोकांबरोबर आधी उंदराची एक जात आणि कुत्रा आला, मग युरोपीयांबरोबर बाकीचा लवाजमा. सशांचा सुळसुळाट झाला म्हणून १८८०च्या दशकात सरकारने आणि मेंढपाळांनी फेरेट, स्टोट आणि वीझल हे मुंगसाच्या अंगलटीचे शिकारी मुद्दाम आणून सोडले. वॉल्टर बुलर यांच्यासारख्या पक्षीतज्ज्ञांनी विरोध केला होता, पण मेंढ्यांचं अर्थकारण जिंकलं. रिचर्ड हेन्री यांनी १८९४ पासून फियोर्डलँडच्या रेझोल्यूशन बेटावर शेकडो काकापो (न उडणारे पोपट) आणि किवी हलवले. १९००च्या सुमारास त्या बेटावरही स्टोट दिसला. हा प्राणी पोहतो. म्हणजे धोका कोणाचा आहे हे शंभर वर्षांपूर्वीच सांगितलं गेलं होतं. पण किती किवी, कोणत्या वयाचे, कोणाच्या तोंडी जातात, याचा आकडा कोणाहीपाशी नव्हता.

तो आकडा रेडिओ ट्रान्समीटरने दिला. किवीला पंख असून नसल्यासारखे, त्यामुळे ट्रान्समीटर पायाला बांधतात, रुग्णालयात मनगटाला लावतात तशा पट्टीने. बॅटरी संपत आली की पक्षी पुन्हा पकडून तो बदलायचा. पिल्लू वाढत असेल तर पट्टी मध्येच सैल करावी लागते, नाहीतर तीच पायात रुतते. या यंत्रात पुढे एक सोय आली: साधारण २४ तास काहीच हालचाल झाली नाही की संकेताचा ठेका दुप्पट वेगाने पडू लागतो. डोंगरावर अँटेना घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो जलद ठेका ऐकू आला की समजायचं, एकतर पट्टी गळून पडली, नाहीतर पक्षी गेला. मग माग काढत तिथवर जायचं.

याची पहिली धक्कादायक प्रचीती १९८७ मध्ये देशाच्या उत्तर टोकाच्या नॉर्थलँडमधल्या वाईटांगी जंगलात आली. मिखाएल टाबोर्स्की तिथे किवींच्या वागणुकीचा अभ्यास करत होते. मृत्यूंचा अभ्यास हा त्यांचा विषयच नव्हता. ऑगस्टच्या शेवटी ट्रान्समीटर लावलेला एक पक्षी मेलेला मिळाला, मग दुसरा, मग तिसरा. सुमारे सहा आठवड्यांत खुणेच्या पक्ष्यांपैकी १३, म्हणजे निम्म्याहून अधिक, मारले गेले. ट्रान्समीटर नसलेले काही मृतदेहही हाती लागले. हे सगळं एका जर्मन शेफर्ड कुत्रीचं काम होतं. तिला गोळी घातल्यावर मृत्यू थांबले. खुणेच्या पक्ष्यांवरून हिशेब मांडला तेव्हा अंदाज निघाला की त्या जंगलातल्या सुमारे ९०० किवींपैकी ५०० तरी तिने संपवले असावेत. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे, आणि ५०० हा आकडा वाचताना ते लक्षात ठेवायला हवं. तरी माझ्या दृष्टीने खरी गोष्ट वेगळीच आहे. पक्ष्यांच्या पायात ट्रान्समीटर नसते तर हा संहार घडून गेला असता आणि एखाद्या वर्षाने कोणीतरी म्हटलं असतं, हल्ली वाईटांगीत हाका कमी ऐकू येतात.

कुत्र्याच्या बाबतीत किवीची शरीररचनाच घात करते. उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीला उंच कणा असलेलं हाड आणि त्यावर जाड स्नायू असतात. किवीकडे यातलं काही नाही, छाती जवळपास उघडीच. शिकवलेल्या कुत्र्याने अगदी हळुवार तोंडात धरलं तरी फासळ्या चेपतात, आतल्या आत रक्तस्राव होतो, बाहेर जखम दिसतेच असं नाही. ‘माझा कुत्रा चावत नाही’ या वाक्याला इथे काही किंमत नाही.

कुत्र्याची कथा भयंकर, म्हणून ती वर्तमानपत्रांत गेली. प्रजातीचं भवितव्य ठरवणारी दुसरी कथा मात्र शांतपणे जमा होत होती. १९९१ मध्ये किवी पुनरुज्जीवनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि जॉन मॅक्लेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या किवींचा माग ठेवला. १९९६ मध्ये त्यांचा निबंध आला. मुख्य भूमीवर अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लांपैकी सुमारे ९५ टक्के पिल्लं प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचतच नव्हती. कोवळ्या पक्ष्यांच्या मृत्यूंपैकी कदाचित ६० टक्क्यांपर्यंत मृत्यूंमागे शिकारी प्राणी होते आणि त्यांत पहिला नंबर स्टोटचा. प्रौढ पक्षी मरत होते ते प्रामुख्याने कुत्रे आणि फेरेट यांच्यामुळे, शिवाय पॉसम नावाच्या, झाडावर राहणाऱ्या प्राण्यासाठी लावलेल्या सापळ्यांत अडकून. किवीची संख्या दरवर्षी सुमारे ६ टक्क्यांनी घटत होती.

पिल्लं इतकी का मरतात? कारण किवीचं पिल्लू जन्मतःच स्वावलंबी असतं. आईबाप भरवत नाहीत. पहिले काही दिवस पोटातल्या बलकावर निघतात, मग ते एकटंच बिळाबाहेर पडून किडे शोधू लागतं. त्या वेळी ते काहीशे ग्रॅमचं असतं. साधारण एक किलो वजन झालं की पायाची ताकद आणि नखं स्टोटला पुरी पडतात. तिथवर पोहोचायला सहा महिने किंवा त्याहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यातच सगळा खेळ आटोपतो. प्रौढ किवी दीर्घायुषी असल्याने जंगलात म्हातारी जोडपी वर्षानुवर्षं हाका घालत राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं, इथे बरं चाललंय. मागे नवी पिढी नसते.

मृतदेह मिळाला म्हणजे कारण मिळालं, असंही नाही. पावसाळी जंगलात शव लवकर कुजतं. आपोआप मेलेल्या पिल्लावरही स्टोट ताव मारतो, तेव्हा खाल्ल्याच्या खुणा म्हणजे मारल्याचा पुरावा नव्हे. पामर्स्टन नॉर्थच्या मॅसी विद्यापीठात अशा शवांचं विच्छेदन होतं. तिथे आधी पाहिलं जातं की दातांच्या खुणांभोवती कातडीखाली रक्त साकळलं आहे का. साकळलं असेल तर चावा घेतला तेव्हा पक्षी जिवंत होता. दोन सुळ्यांमधलं अंतर, जखम मानेवर की छातीवर, लाळेतला डीएनए, यांवरून गुन्हेगार ठरतो. तरीही कित्येक नोंदींपुढे ‘कारण अज्ञात’ असंच लिहावं लागतं, आणि प्रामाणिक यादीत हा रकाना मोठाच असतो.

या निष्कर्षांनी कामाची दिशा बदलली. १९९४ मध्ये ‘ऑपरेशन नेस्ट एग’ सुरू झालं. जंगलातून अंडी किंवा पिल्लं उचलायची, सुरक्षित जागी वाढवायची आणि किलोच्या पुढे गेली की परत सोडायची. जगण्याचं प्रमाण ५ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांच्या आसपास गेलं. गणिताने असंही सांगितलं होतं की २० टक्के पिल्लं तगली तरी संख्या स्थिर राहील. म्हणजे जंगलातले सगळे स्टोट मारायची गरज नव्हती, पुरेसे मारले तरी भागणार होतं. वाइकारेमोआना सरोवराकाठच्या पुकेतुकुतुकू द्वीपकल्पावर सापळ्यांनी हे साधलं. २००० मध्ये सरकारने पाच किवी अभयारण्यं जाहीर केली. त्यांपैकी ओकारितोला मात्र, मोठ्या क्षेत्रावर सापळे लावूनही, किवीच्या रोवी जातीची पिल्लं वाचेनात. शेवटी तिथली पिल्लं बेटावर नेऊन वाढवावी लागली.

हवाई विषफवारणीचा वादही ट्रान्समीटरपाशीच येऊन ठेपला. १०८० या विषाच्या गोळ्या हेलिकॉप्टरमधून टाकतात. उंदीर त्या खातात, मेलेले उंदीर स्टोट खातो. किवीही मरत असणार, हा विरोधकांचा आक्षेप. जैवसंवर्धन खात्याने शेकडो खुणेचे किवी अशा मोहिमांमधून मागावर ठेवले आणि त्यांतला एकही विषाने मेल्याचं आढळलं नाही. टोंगारिरोच्या जंगलात तर फवारणीनंतरचे दोन हंगाम पिल्लं जगण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलेलं दिसलं. वाद मिटला नाही. तिथल्या राजकारणात तो मिटेल असं वाटतही नाही.

स्टोट आटोक्यात आले तिथे मृत्यूच्या कारणांच्या यादीतली खालची नावं वर आली. नॉर्थलँडमध्ये पिल्लं बऱ्यापैकी जगतात, पण प्रौढांचं सरासरी आयुष्य जेमतेम १३-१४ वर्षं, जे कुत्रे नसलेल्या ठिकाणी याच्या दुपटीहून जास्त भरतं. म्हणून तिथे शिकारी कुत्र्यांना किवीचा वास टाळायचं प्रशिक्षण देतात, आणि कुत्र्याने किवी मारला तर मालकाला कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. फेरेट एकदा शिरला की एकामागून एक प्रौढ पक्षी मारत सुटतो. त्याशिवाय गाड्या, पोहण्याचे तलाव, हद्दीवरून होणाऱ्या मारामाऱ्या आणि पिल्लं दाटीने ठेवली तिथे पसरणारे आतड्यांचे परजीवी आहेतच. २०२०च्या उन्हाळ्यात नॉर्थलँडमध्ये मोठा दुष्काळ पडला तेव्हा जमीन इतकी कडक झाली की चोच रुतेना. भुकेले, तहानलेले किवी दिवसाढवळ्या बाहेर दिसू लागले.

आपल्याकडच्या क्रीडापानांवर ‘किवींची दाणादाण’ असे मथळे येतात ते क्रिकेट संघासाठी. खऱ्या किवींची संख्या आज सुमारे ७०,००० आहे आणि जिथे संरक्षण नाही तिथे ती वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास घटते असं खातं सांगतं. हा दर मागावरच्या पक्ष्यांवरून सरळ काढता येत नाही, कारण ट्रान्समीटर बहुधा तिथेच लागतात जिथे सापळे, माणसं आणि पैसा पोहोचलेला असतो. बहुसंख्य किवींच्या पायात काहीच नाही. त्यांच्यासाठी स्वयंसेवक हिवाळ्यात अंधाऱ्या रात्री ठरलेल्या जागी दोन-दोन तास बसून हाका मोजतात. नर किती, माद्या किती, कोणत्या दिशेला, एवढं त्यातून कळतं. पक्षी कमी झाले हेही काही वर्षांनी कळतं. कशाने, ते कळत नाही.