राणीच्या आधीचा चौथा नंबर

गोल्फ क्लब मैदानाला चार फेऱ्या झाल्या की आमच्या टोळक्यात चहासोबत हमखास निघणारं वाक्य: "राणी रामपालच्या भारतीय महिला हॉकी टीमने टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच चौथा नंबर काढला." व्हॉट्सॲपवरही हेच फिरतं. राणीबद्दल आदर आहेच. शाहाबादच्या गाडा ओढणाऱ्याची ही लेक पंधराव्या वर्षी वर्ल्डकप खेळली! पण 'पहिल्यांदाच' तेवढं चूक.

1980 मध्ये मॉस्कोत महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथमच आली, तेव्हाही भारत चौथाच होता. कर्णधार रूपा सैनी. संघात आपल्या पुण्याच्या एलिझा नेल्सनही होत्या. पुढे 1982 च्या एशियाडचं सुवर्ण त्यांच्याच नेतृत्वाखाली आलं. आपण तरी हे नाव विसरू नये.

घोळ होतो कुठे? मॉस्कोत बहिष्कारामुळे सहाच संघ होते आणि सगळे सगळ्यांशी खेळले, सेमीफायनल नव्हतीच. भारताने पोलंडला 4-0 हरवलं, झिम्बाब्वेशी 1-1 बरोबरी केली, आणि सुवर्ण नेलं त्याच झिम्बाब्वेने. टोकियोत ऑस्ट्रेलियाला 1-0 हरवून पहिल्यांदा गाठली ती सेमीफायनल. दोन्हींच्या मध्ये, 2016 च्या रिओपर्यंत, 36 वर्षं आपला महिला संघ ऑलिंपिकमध्ये दिसलाच नाही. मग मॉस्को कोणाच्या लक्षात राहणार?