व्यावसायिक समाजकार्य : पद्धती व संशोधन

अडचणीत सापडलेली व्यक्ती, गट किंवा वस्ती यांना आपला प्रश्न शक्यतो स्वतःच्या बळावर सोडवता यावा, यासाठी प्रशिक्षित कार्यकर्ता जी शिस्तबद्ध रीत वापरतो, तिला समाजकार्याची पद्धत म्हणतात. व्यक्तिसहाय्य कार्य (एकेका व्यक्तीला वा कुटुंबाला मदत, म्हणजे ‘केसवर्क’), गटकार्य व समुदाय संघटन या प्राथमिक पद्धती आणि समाजकल्याण प्रशासन, सामाजिक कृती व समाजकार्य संशोधन या दुय्यम पद्धती, ही विभागणी भारतीय विद्यापीठांत रूढ आहे. शिकवायला ती सोयीची असली तरी इतिहासाला फारशी धरून नाही. यादीत शेवटी येणारे संशोधन प्रत्यक्षात सर्वांत जुन्या पद्धतीच्या, म्हणजे व्यक्तिसहाय्य कार्याच्या, मुळाशी आहे.

व्यक्तिसहाय्य कार्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. बहुतेक पाठ्यपुस्तके लंडनमध्ये १८६९ साली स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीपासून आरंभ करतात. काही अभ्यासक त्याआधी ग्लासगो येथे थॉमस चामर्स या धर्मोपदेशकाने १८१९ पासून आपल्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) राबवलेल्या, घरी जाऊन गरज पाहण्याच्या व्यवस्थेकडे बोट दाखवतात. जर्मनीतील एल्बरफेल्ड शहराने १८५३ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीला काहीजण अग्रमान देतात. तेथे शहराचे छोटे विभाग पाडून प्रत्येक स्वयंसेवकाकडे मोजकीच कुटुंबे सोपवली जात आणि मदत मंजूर करण्यापूर्वी तो घरी जाऊन पाहणी करी. गृहभेटीचा वारसा या दोन्ही प्रयोगांकडे जातो, हे मान्य करण्यास हरकत नाही. मात्र प्रत्येक अर्जदाराची स्वतंत्र लेखी नोंद ठेवणे आणि ती इतर धर्मादाय संस्थांकडील नोंदींशी ताडून पाहणे, ही आजच्या अर्थाने पद्धतीची खूण मानली, तर लंडनचा दावा अधिक सबळ ठरतो. या चौकशीमागचा हेतू फारसा उदात्त नव्हता. एकाच माणसाने दोन ठिकाणांहून मदत उचलू नये आणि ‘लायक’ गरीब ‘नालायक’ गरिबांपासून वेगळे काढता यावेत, ही काळजी तिच्यामागे होती.

अमेरिकेत अशी पहिली शहरव्यापी संस्था १८७७ मध्ये बफलो येथे निघाली. बाल्टिमोर व फिलाडेल्फिया येथील अशाच संस्थांत काम केलेल्या मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला व्यक्तिसहाय्य कार्याचा पहिला पद्धतशीर ग्रंथ म्हणतात, पण तो वाचताना उपचारापेक्षा पुराव्याचीच चर्चा अधिक आढळते. प्रत्यक्ष पुरावा, साक्षीचा पुरावा आणि परिस्थितिजन्य पुरावा असे भेद करून शेजारी, शाळा, डॉक्टर, मालक यांच्याकडून मिळणारी माहिती कितपत विश्वासार्ह मानावी, हे त्यात तपासले आहे. १९१५ मध्ये बाल्टिमोर येथील परिषदेत शिक्षणतज्ज्ञ एब्राहम फ्लेक्सनर यांनी समाजकार्य हा पूर्ण अर्थाने व्यवसाय नाही, असे प्रतिपादन केले होते. रिचमंड यांचा ग्रंथ हे त्याला दिलेले उत्तर होते, असे सर्रास लिहिले जाते. ग्रंथासाठीचे संकलन व्याख्यानाच्या कितीतरी आधीपासून चालू होते, हे लक्षात घेता या विधानाला मर्यादित अर्थच राहतो.

दुसरा प्रवाह वस्तीत राहून काम करणाऱ्यांचा. लंडनचा टॉयन्बी हॉल (१८८४) आणि शिकागोचे हल हाउस (१८८९) ही त्याची प्रमुख केंद्रे. हल हाउसच्या रहिवासी कार्यकर्त्यांनी भोवतालच्या घरांतील मजुरी व राष्ट्रीयत्व यांचे रंगीत नकाशे १८९५ मध्ये प्रसिद्ध केले. येथे चौकशीचा रोख अर्जदारावरून घरमालक, कारखाना आणि नगरपालिका यांच्याकडे वळला. समुदाय संघटन आणि सामाजिक कृती यांची पूर्वपीठिका इथलीच. गटकार्याला व्यावसायिक परिषदांत स्वतंत्र स्थान १९३५ च्या सुमारास मिळाले. समुदाय संघटनाची चौकट अमेरिकेतील लेन समितीच्या १९३९ च्या अहवालाने मांडली. जॅक रॉथमन यांनी १९६८ मध्ये सुचवलेले स्थानिक विकास, सामाजिक नियोजन व सामाजिक कृती हे तीन नमुने परीक्षेसाठी आजही पाठ केले जातात.

पद्धतींची परिणामकारकता तपासणारे संशोधन उशिरा आले आणि त्याने व्यवसायाला अडचणीत टाकले. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यासात वयाने व परिस्थितीने सारख्या मुलांच्या जोड्या लावून त्यांतील एकाला अनेक वर्षे मार्गदर्शन देण्यात आले, दुसऱ्याला नाही. १९५१ च्या अहवालात गुन्हेगारीच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक आढळला नाही. जोन मॅकॉर्ड यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठपुराव्यात तर काही निकषांवर मदत मिळालेलेच मागे पडलेले दिसले. जोएल फिशर यांनी १९७३ मध्ये अकरा नियंत्रित अभ्यासांचा आढावा घेऊन व्यक्तिसहाय्य कार्य परिणामकारक असल्याचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यातील अभ्यासांमध्ये ‘उपचार’ म्हणून नेमके काय केले गेले हे अनेकदा अस्पष्ट होते, हा टीकाकारांचा आक्षेप रास्त वाटतो. विल्यम रीड व ॲन शाइन यांनी १९६९ मध्ये आठ भेटींची ठरावीक मुदतीची सेवा लांबलेल्या सेवेच्या तोडीची ठरते, असे दाखवले. ठरावीक मुदतीत नेमकी कामे ठरवून ती पार पाडण्याची कार्यकेंद्रित पद्धत त्यातूनच पुढे आली. याच काळानंतर एकल-प्रकरण आराखडाही रुजला. यात एकाच व्यक्तीचे ठरावीक वर्तन, उदाहरणार्थ आठवड्यातील शाळेतील गैरहजेरी, मदतीपूर्वी काही काळ मोजून आधाररेषा आखतात आणि मदतीच्या काळातील मोजणी तिच्याशी पडताळतात. सेवा मध्येच थांबवून फरक पाहणे शास्त्रदृष्ट्या उपयुक्त असले तरी नैतिकदृष्ट्या सहसा अमान्य असते.

भारतात व्यावसायिक समाजकार्याचा आरंभ १९३६ पासून मानतात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये मुंबईत नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क (आजची टाटा समाजविज्ञान संस्था) १९३६ मध्ये त्याच कामातून उभे राहिले. सत्यशोधक समाज (१८७३), डिप्रेस्ड क्लासेस मिशन (१९०६) आणि ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग (१९११) यांना केवळ ‘पूर्वइतिहास’ म्हणून आटोपण्याची रीत पुनर्विचारास पात्र आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांचे अस्पृश्यतेवरील संशोधन (१९३३) चळवळीतील दीर्घ कामातूनच आले होते. पदवी नव्हती एवढ्यावरून ते पद्धतीबाहेरचे ठरवता येत नाही.

मुंबईत १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र निघाले आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याचे पद निर्माण झाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. पदवीधरांना नोकऱ्या मिळाल्या, पण व्यक्तिसहाय्य कार्य कसे करावे याविषयी भारतीय अनुभवावर आधारलेले लेखन तुलनेने कमीच झाले. पदव्युत्तर शोधप्रबंध बहुधा प्रश्नावली घेऊन केलेली पाहणी असतात. एखादी पद्धत उपयोगी पडली का, हे तपासणारे त्यांत थोडे. अपवाद मुख्यतः शिक्षणसंस्थांच्या क्षेत्रकृती प्रकल्पांत (प्रत्यक्ष क्षेत्रात चालवलेल्या प्रायोगिक कामांत) सापडतात. टाटा संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथे छळ झालेल्या स्त्रीची मुलाखत, सासर-माहेरच्यांशी बोलणी, पोलीस ठाण्यातील पाठपुरावा आणि कायद्यातील त्रुटी शासनापुढे मांडणे ही कामे एकच कार्यकर्ती करते. पुढे महाराष्ट्र शासनाने ही योजना राज्यभर नेली. प्राथमिक-दुय्यम ही विभागणी अशा कामाला लावता येत नाही. कक्षातील प्रकरण-नोंदीच संशोधनाचे मूळ साधन असल्याने त्यांची गोपनीयता राखणे, नावे व पत्ते वगळणे आणि संबंधित स्त्रीची संमती घेणे हा पद्धतीचाच भाग मानला जातो.