सावली नव्हे, कात्रीने कापलेली आकृती

लोट्टे रायनिगर या जर्मन कलावतीच्या परीकथांच्या जुन्या छायाकृती-चित्रपटांविषयी मराठीत लिहिताना ‘सावल्यांचा खेळ’ हे शब्द हमखास येतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या नाचवतात, तेव्हा पडद्यावर खरोखरच सावली पडते. बाहुली पडद्यापासून जरा मागे नेली की सावली फुगते, तिच्या कडा पुसट होतात. १९२० नंतर बर्लिन आणि पॉट्सडॅममध्ये तयार झालेल्या रायनिगरच्या चित्रपटांत अशी सावली नाहीच. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कापून केलेली बाहुली काचेच्या टेबलावर आडवी ठेवायची. दिवा खाली, कॅमेरा वर. कॅमेरा टिपतो ती बाहुलीच. म्हणून बोटाच्या पेराची कडसुद्धा पडद्यावर लख्ख उमटते. ‘छायाचित्र’ हा शब्द आपण फोटोला देऊन बसलो आहोत. ‘छायाकृती’ त्यातल्या त्यात बरा, पण त्यातही सावली डोकावतेच. १९२२ च्या सिंड्रेलाच्या लघुपटात मात्र सुरुवातीलाच कात्री दिसते आणि नायिका डोळ्यांदेखत कागदातून सुटी होते. एवढं स्पष्ट सांगितल्यावरही आपण सावली म्हणत राहावं, हे खटकतं.

१९२३ च्या जर्मनीतल्या भीषण महागाईत एका बँकरने पैसा कच्च्या फिल्ममध्ये गुंतवला आणि ती फिल्म तरुण रायनिगरच्या हाती दिली. गॅरेजवरच्या माळ्यावर तीन वर्षं खपून अरबी सुरस कथांवरचा, राजपुत्र अहमदच्या साहसांचा सुमारे ६५ मिनिटांचा चित्रपट १९२६ मध्ये पूर्ण झाला. त्याला जगातला पहिला पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट म्हणू नये. १९१७ चा अर्जेंटिनातला एक पट त्याआधीचा, पण तो नष्ट झाला. आज पाहता येणारा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट हाच.

यातल्या राजपुत्राला ओठ हलवता येत नाहीत, डोळे दिसत नाहीत. तारेने बांधलेल्या सांध्यांतून मान किंचित झुकते, मनगट वळतं, आणि विरह कळतो. माझ्या लेखी या कलेचं सौंदर्य त्या मनगटात आहे.

१९५३-५४ मध्ये लंडनमध्ये रायनिगरच्या याच हातांनी टीव्हीसाठी दहा-दहा मिनिटांच्या परीकथा केल्या. मोठ्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह तोवर महायुद्धात गेली होती, आणि पुढची कित्येक वर्षं लोकांनी तो निव्वळ काळापांढराच पाहिला. लंडनमध्ये जपलेल्या एका रंगीत प्रतीवरून १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याची पुनर्बांधणी झाली, तेव्हा काळ्या आकृतींमागचे पिवळे, निळे, हिरवे प्रकाश पुन्हा दिसू लागले.